राहणारी माणसं : एक

सुई बोटात रुतली तरी हूं की चूं न करणारी बाई. गल्लीत तिला सगळे शिवणताई म्हणत. आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. भाड्याच्या दोन खोल्यांत, मशीनच्या खडखडाटात, तिनं तिला वाढवलं. कुणी लग्नाचा विषय काढलाच तर म्हणायची, "मला लेकरू आयतंच मिळालंय. उगाच नवऱ्याची भर कशाला?"

कपडा ताईचा, कागद धाकटीचे, अशी दोघींची वाटणी. धाकटी शिकली, प्रयोगशाळेत लागली. वीजबिल, भाडेकरार, घरातल्या सामानाचा विमा, सगळं तीच पाही. आता रविवारी दोघी मोठ्या घरात जाणार होत्या. ताईनं खोकी बांधली होती. जुन्या घराचा विमा रद्द करायचा तेवढा राहिला होता.

"मी करते गं, तू नको हेलपाटा घालूस," धाकटी म्हणाली होती. पण पोर दिवसभर उभी असते, तिचा एक खेटा वाचेल, म्हणून ताई जन्मात पहिल्यांदा विम्याच्या कचेरीत गेली.

खिडकीतल्या बाईंनी नंबर पाहिला. "हा तर पंधरा दिवसांपूर्वीच रद्द झालाय. दोघींपैकी एकीची सही चालते. तुमच्या बहिणीनं केलीय."

"बघा, किती तत्पर आहे माझी पोर!" ताई हसली. "मग नव्या घरचा काढलाच असेल?"

"काढलाय की." बाईंनी कागद फिरवून दाखवला. राहणारी माणसं : एक.

"चुकलं असेल हो. आम्ही दोघी आहोत."

"मीही विचारलं होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नाही म्हणाल्या. एकटीच राहणार."

ताई घरी आली ती वाट चुकल्यासारखी, दोन गल्ल्या पुढे जाऊन परत. धाकटी कपबशा कागदात गुंडाळत होती.

"आपण एक की दोन गं?" ताईनं दारातूनच विचारलं.

धाकटीच्या हातातला कागद थांबला. "शनिवारी सांगणार होते, ताई. या खोल्या मी सोडल्याच नाहीत. तुझ्यासाठी ठेवल्यात. इथला विमाही तुझ्या एकटीच्या नावानं नव्यानं काढणार होते. मला एकदा तरी एकटीनं राहून बघायचंय. आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. रडले असते. पण माझी खोकी बांधताना दोरीचं दुसरं टोक तू धरलंस ना? तेव्हाही तुझं तोंड उघडलं नाही?"



ताईनं कात्री घेतली आणि आपल्या खोक्याची दोरी कापली. कापडाचे गठ्ठे एकेक करून फळीवर परत ठेवू लागली.

"जा. अडवत नाही मी तुला."

धाकटीनं सुस्कारा टाकला. सुटकेचा होता. तिनं तो लगेच गिळला, पण ताईनं ऐकलाच. कचेरीतल्या त्या कागदापेक्षाही तो जास्त लागला.