कणसाचा जग आणि आठवं पाऊल

इथे परदेशात, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्यांपलीकडे, एक म्हातारी जुनी क्रोकरी मांडते. दोन वर्षांपूर्वी तिच्या टेबलावर तो पाण्याचा जग दिसला. अमेरिकन मेजॉलिका, म्हणजे रंगीत झिलईचं मातीचं भांडं, शंभर वर्षांहून जुनं. अख्खं मक्याचं कणीसच: टपोरे पिवळे दाणे, खालून बिलगलेली हिरवी पानं, आत गुलाबी झिलई. इथे नवा आलो आणि पेनरोजच्या गोदामात खोकी उचलायचो, तेव्हापासून मी असली पानाफुलांची भांडी जमवतोय. कणीस मात्र कधी मिळालं नव्हतं.

तिनं किंमत सांगितली, मी निम्मी केली. ती नुसती हसली. मी पाठ फिरवून चालू लागलो. पुण्यात आठव्या पावलाला मागून हाक येते. इथे दहा झाली तरी येईना. वळून बघतो, तर माझ्यासोबत आलेला मेहुणा पूर्ण पैसे देऊन जग पिशवीत घालतोय!

"दाजी, तुम्ही सोडलात ना? म्हणून मी घेतला."

"सोडला नव्हता रे गाढवा, भाव करत होतो!"

तेव्हापासून त्याच्या घरी गेलो, की त्या शोकेसकडे बघून माझं डोकं तापायचं.

यंदा पाडव्याला त्याच्याकडे जेवण होतं. त्याची बायको मठ्ठा घेऊन आली, तोही त्याच जगातून. मी ताडकन उठलो.

"ओतून टाका तो आधी! शिशाची झिलई आहे ती. आंबट घातलं की शिसं उतरतं."

"जग लाटायचा डाव आहे हा," मेहुणा म्हणाला.

"शोकेसमध्ये ठेव की जन्मभर! पोरांच्या पोटात घालू नकोस, एवढंच."

त्याच्या बायकोनं फोनवर शोधलं. मठ्ठा सिंकमध्ये गेला. "घरात दोन लहान मुलं आहेत. मला हे नकोच," तिनं नवऱ्याला बजावलं.

मग मेहुण्यानं जग मला विकायला काढला आणि बाजारातली पूर्ण किंमत सांगितली. मी निम्मी म्हणालो. त्यानं मान हलवली. मी दाराशी जाऊन जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवल्या, पायऱ्या उतरलो आणि गाडीकडे निघालो. अगदी सावकाश.

आठव्या पावलाला हाक आली.

"ओ दाजी! श्रीखंड तरी खाऊन जा! आणि न्या ते तुमचं कणीस, निम्म्यात!"

जग मांडीवर घेऊन मी तीन वाट्या श्रीखंड खाल्लं.