एक पदक, दोन मंडप आणि धडगावचा ढोल

आशियाई मैदानी स्पर्धेत पाच हजार मीटरला कांस्यपदक मिळवणारी रमिला ही माझी विद्यार्थिनी. धडगावला तिचा सत्कार आहे असं कळलं आणि मी म्हसावदहून निघाले. गुडघ्यांचं मत विचारलं नाही.

जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून लवकर या आणि पुढची सीट धरा. मागे बसणार असाल तर घाट संपेपर्यंत नाश्ता करू नका.

"बाई, दादाना मंडपमा जाशात का भाऊना?" ड्रायव्हरने विचारलं.

"दोन मंडप शेतस?"

"मंग! पोर एक, पन पक्ष दोन ना!"

धडगावात मक्याची भाकर आणि उडदाची डाळ खाल्ली (झकास, चमचा मागू नका) आणि शाळेच्या मैदानावर पोचले. पाहते तर रमिला जिथे सराव करते तिथेच दोन्ही पक्षांनी मंडपांच्या खांबांसाठी खड्डे खणलेले. जागतिक स्पर्धेची निवड चाचणी तोंडावर, आणि आसपास दुसरी सपाट जागा नाही.

"तिकडेही असंच झालं, मॅडम," रमिला म्हणाली. "पदक मिळाल्यावर फोटोत माझ्या शेजारी कोण, यावरून संघाचे दोन साहेब भांडले. फोटोत त्यांची कोपरं आहेत आणि माझा एक कान."

तेवढ्यात "आधी आमच्याकडे" म्हणत दादा आणि भाऊ, दोन्ही पक्षांचे पुढारी, आले. रमिलाने दोघांचे हात धरले आणि त्यांना सरळ ढोलावर चाललेल्या नाचाच्या रांगेत ओढलं. तिच्या पाड्याचा नियम आहे: ढोल वाजत असेपर्यंत रांगेतले हात सोडायचे नाहीत. सगळ्या गावासमोर तो मोडणार कोण?

थोड्या वेळात दादांचं उपरणं गळालं, भाऊंना धाप लागली. पाच हजार मीटरवालीला मात्र घाई नव्हती. ढोलवालाही माझाच विद्यार्थी; त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच सांगितलं, चालू दे.

"बाई, ढोल थांबाडा!" दादा ओरडले.

"खड्डा कव्हय बुजतीन?"

"आजच, मंडप काढीसन बुजाडतस!"

"आनि भाऊ?"

भाऊंना बोलवेना. त्यांनी जोरजोरात मान हलवली. मग मी हात वर केला आणि ढोल थांबला.

घरी येऊन आता गुडघ्यांना तेल लावते आहे. सहल वसूल झाली. पेपरात फोटो आलाय: दोघे फावडी घेऊन हसताहेत, रमिला कुठेच नाही. चिडून तिला फोन लावला.

"असू द्या मॅडम," ती म्हणाली. "खड्डे बुजले होते. मी तेव्हा पळत होते."