तीन सेकंदांची जागा

गाणं कापून, जोडून, ज्याच्या त्याच्या मापाचं करून द्यावं ते आमच्या शेजारच्या काकांनीच. हिंगोली जिल्ह्यातले बाकीचे सगळे नुसते कापतात. काकांची उभी नोकरी बसस्टँडवर माइकसमोर गेली. औंढा, जवळा बाजार, कळमनुरी ही नावं ते अशा काही आवाजात पुकारत की ज्याला कुठंच जायचं नाही त्यालाही पिशवी उचलावीशी वाटे. निवृत्त झाल्यावर मुलाने लॅपटॉप घेऊन दिला आणि काकांनी जाहीर केलं की आता घरी बसून लोकांची गाणी नीट करायची. नवरीच्या एंट्रीचं, जयंतीच्या मिरवणुकीचं, आमच्या शाळेच्या गॅदरिंगचं, कुणाचंही. मोबदला म्हणून फक्त चहा, तोही त्यांच्याच घरचा, कारण दुसऱ्याचा त्यांना आवडत नाही.

पण त्याआधी सॉफ्टवेअर निवडायचं होतं, आणि ती निवड दीड वर्ष चालली. एवढ्या वेळात आमच्या गल्लीत दोन लग्नं जुळली. प्रत्येक सॉफ्टवेअरला काका आठ दिवस कामावर ठेवून बघत आणि वहीत शेरा मारत. एकाबद्दल लिहिलं होतं, ‘दिसायला देखणं, कामाला आळशी.’ दुसऱ्याबद्दल, ‘गाण्याच्या मधोमध स्वतःचंच नाव सांगतं, रजा दिली.’ तिसरं दर पंधरा दिवसांनी रूप बदलायचं. काल जिथं कात्री होती तिथं आज झाडू. परीक्षा मात्र सगळ्यांना एकच. गाणं लावायचं आणि कीबोर्डवरचं लांबट बटण दाबायचं. त्याच अक्षरावर गाणं थांबलं तर पास, पुढच्या अक्षरावर गेलं तर नापास. मी एकदा म्हटलं, काका, गाणं वाजवायचं असतं, थांबवायला कोण घेतं? त्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, “चालतं तर कोणतंबी, पोरी. थांब म्हणल्यावर थांबतं का, ते बघावं.” शेवटी करड्या रंगाचं, जुनाट चेहऱ्याचं, फुकट मिळणारं एक पास झालं. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे प्रत्येक गाण्याच्या शेवटी तीन सेकंद शांतता ठेवणं. काहून, विचारलं तर उत्तर ठरलेलं, की उतरायला टाईम लागतो माणसाला. एका गॅदरिंगला माझ्या चौथीच्या मुलांनी दोन गाणी जोडून नाच बसवला होता. काकांनी पहिल्या गाण्यानंतर आपली तीन सेकंदं घातलीच. पोरं हात वर करून पुतळ्यासारखी उभी, पालकांनी टाळ्या वाजवल्या, पडदेवाल्याने पडदा पाडला आणि दुसरं गाणं पडद्यामागेच वाजलं. मुख्याध्यापकांनी मला जे ऐकवलं ते मी काकांना ऐकवलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं.

अशा माणसाकडे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत नाजूक काम घेऊन गेले. माझी आई गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा म्हणायची. मग घशाचं ऑपरेशन झालं. ती वाचली, पण गळ्यात उरली ती नुसती खरखर. त्या आवाजाची तिला इतकी लाज वाटू लागली की ती खुणांनीच बोलायची. त्यात भावाला मुलगी झाली. बारशाला पाळणा आईचाच हवा, असा माझा हट्ट होता. सुदैवाने जुन्या एका बारशाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये सापडलं. अडचण एकच. शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव येतं, आणि तिथं आईने शेजारच्या श्रावणीचं नाव घेतलं होतं. आमच्या बाळाचं नाव मी आत्या म्हणून ठरवलं होतं, मैत्री. बारशाआधी नाव फोडायचं नसतं, पण काकांना सांगावंच लागलं.

हल्ली माणसाचा आवाज ऐकून हवा तो शब्द त्याच आवाजात म्हणणारीही सॉफ्टवेअरं निघाली आहेत. काकांनी तसलं एक आणून मला ऐकवलं. आई ‘मैत्री’ म्हणाली. हुबेहूब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि काकांनी तो शब्द माझ्यासमोरच लॅपटॉपवरून पुसून टाकला.

“म्हणतंय बराबर,” ते म्हणाले. “पण तुझ्या मायनं हे नाव अजून ऐकलंबी न्हाई. तिच्या तोंडात मी कसं घालू?”

मी चिडले. मग करणार काय, विचारलं, तर बघू म्हणाले. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

बारशाला काका लॅपटॉप काखेत मारून आले. पेनड्राइव्हवर त्यांचा विश्वास नाही. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग सगळ्यांना सांगितलं, आणि आईचा जुना, भरलेला आवाज घरभर पसरला. आई भिंतीला टेकून, पदर तोंडावर धरून ऐकत होती. शेवटचं कडवं आलं, नावाची जागा आली आणि गाणं थांबलं. त्याच अक्षरावर. मला वाटलं, झाली यांची तीन सेकंदं सुरू. पण तीन गेली, दहा गेली. काकांचं बोट त्या लांबट बटणावर होतं आणि नजर आईवर. स्टँडवर धावत येणाऱ्या म्हातारीसाठी ड्रायव्हरला थांबवून धरत, तसे ते बसले होते.

आई पाळण्याशी आली. वाकली. पदर खाली आला. “मैत्री,” ती म्हणाली. फाटका, खरखरीत आवाज, पण तिचा. काकांनी बटण दाबलं आणि पुढची ओळ तिच्याच जुन्या आवाजाने उचलून धरली.

त्या दिवसापासून आई बोलते. कमी बोलते, पण माझ्यावर ओरडतेसुद्धा, आणि ते ऐकून मला जेवढं बरं वाटतं तेवढं कशानेच वाटत नाही. काकांचे आभार मानायला गेले तर ते नव्या सॉफ्टवेअरची वही काढून बसले. हल्ली त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं; शांतता बराबर पडली का, हे मला विचारतात. बारशाचं ते सगळं रेकॉर्डिंग, दोन्ही आवाजांसकट, त्यांनी जोडून दिलं आहे. मी अधूनमधून लावते. गाणं संपतं आणि शेवटी त्यांची तीन सेकंदं येतात. पूर्वी मी तिथं बंद करायचे. आता बसून राहते, ती संपेपर्यंत.