रविवारची बंबशाळा

आगीचं सामान तपासायची विद्या मी शिकलो ती लाजेपोटी.

परभणीच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये मी फिटर होतो. कापसातली सरकी काढणारे रेचे चालते ठेवायचे, पट्टे ताणायचे, तेल घालायचं, हे माझं काम. एका हंगामात भर दुपारी कापसातून एक खडा रेच्यात गेला, ठिणगी उडाली आणि मागच्या रुईच्या ढिगानं पेट घेतला. सगळ्यांत जवळ मीच होतो. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. ते काढलं, सांगितल्याप्रमाणे त्याची घुंडी जमिनीवर आपटली आणि तोटी आगीकडं धरून उभा राहिलो. काहीच आलं नाही. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटली. तोवर सरकी वेचणाऱ्या बायांनी ओली गोणपाटं टाकून आग दाबलीसुद्धा. मी आपला नळकांडं पोटाशी धरून तसाच.

कुणाला इजा झाली नाही. पण बाया आठवडाभर मला पाहिलं की पदर तोंडाला लावायच्या.

नंतर मी ते उघडलं. तोटीच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, चांगलं पक्कं. दर दसऱ्याला आम्ही त्या नळकांड्याला झेंडूचा हार घालत होतो. आत मात्र कुणीच डोकावलं नव्हतं.

पुढं आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. त्याच्या दुसऱ्या वर्षी विम्याच्या साहेबानं सगळ्या जिनिंगवाल्यांना बजावलं, की प्रत्येक गिरणीत आगीचं सामान तपासणारा एक तरी शिकलेला माणूस पाहिजे. हंगाम नसताना दर रविवारी सकाळपासून चारपर्यंत वर्ग, पाच महिने. मॅनेजरनं आवारात सगळ्यांना उभं करून विचारलं, "कोण जातं?" सगळे पायाकडं बघायला लागले. सुट्टीचा दिवस कोण घालवणार? मी पुढं झालो.

"तू?" मॅनेजर म्हणाले. "तुला का जायचंय रे?"

"साहेब, ते नळकांडं आतून कसं असतं ते मला बघायचंय."

मी राहायला गंगाखेडच्या वाटेवरच्या एका खेड्यात. पहिल्या रविवारी बायकोनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "आठ दिसातला एक दिस घरी दिसत होता, आता तोबी गेला." पण मी शर्टाला इस्त्री केलेली पाहून हसली. म्हणाली, "लग्नालाबी इतकं नटला नव्हता तुमी."

गाडी गंगाखेडकडून यायची. डब्यात चढलो तर समोरच्या बाकावर चाळिशीच्या पुढची एक बाई बसलेली. विटकं लुगडं, कपाळ मोकळं, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी जड. परभणीला उतरलो तर ती माझ्याच पुढं चालायला लागली. मी वळलो तिकडं ती वळली. शेवटी थांबून तिनंच विचारलं, "माझ्यामागं कशापायी यायलाव?"

"मी बंबाच्या वर्गाला चाललोय."

"मग बराबर हाय," ती म्हणाली. "मीबी तिकडंच जायलेय."

ती गंगाखेडकडच्या एका जिनिंगमधली बायांची मुकादम होती. गाव सोनपेठच्या बाजूचं. नवरा वारल्यावर वीस वर्षं कापसात काढलेली. त्यांच्या मॅनेजरला गडीमाणूस सोडायचा नव्हता, म्हणून त्यानं हिला धाडलं होतं. फडक्यात होता एक मोठा लोखंडी पाना. "शिकायला चालले तर हत्यार नको का?" ती म्हणाली. मी त्या दिवसापासून तिला मावशी म्हणायला लागलो.

वर्ग भरायचा एका रिकाम्या गोदामात. आम्ही सात जण. शिकवायला होते हैदराबादच्या बंबखात्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ. पांढरी दाढी, उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडलेली, बोलणं अर्धं दखनी अर्धं मराठी. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी मावशीकडं पाहिलं.

"लिखना-पढना आता, माँ?"

"न्हाई."

"फिर कैसा करते?"

"हात हाय, डोळे हायेत, नाक हाय," मावशी म्हणाली. "कापसात वास आला की आग कुठं लागायलीय ते मला आधी कळतं. तुमी सांगा, मी ध्यानात ठेवते."

उस्ताद हसले आणि त्यांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं.

त्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर एक नळकांडं उघडलं. वरचं पितळी झाकण फिरवलं, आतली काचेची बाटली अलगद बाहेर काढली. खाली सोड्याचं पाणी, वर बाटलीत तेजाब, म्हणजे ॲसिड. घुंडी आपटली की बाटली फुटते, तेजाब सोड्यात मिसळतं, गॅस होतो आणि तो गॅस पाण्याला तोटीतून बाहेर ढकलतो. बस्स, एवढंच! मी इतकी वर्षं यंत्रांत हात घालून होतो, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा बाटलीत आणि एवढ्याशा भोकात सगळा खेळ होता.

मग आम्ही मैदानात गेलो. उस्तादांनी नळकांडं माझ्या हातात दिलं. "मारो, मियाँ." मी आपटलं. आत काच फुटल्याचा बारीक आवाज आला आणि लगेच तोटीतून पाण्याची धार अशी सुटली, की मी दोन पावलं मागं सरकलो. पार कुंपणापलीकडच्या बाभळीपर्यंत गेली! मी ओरडलोच. काय ओरडलो ते आठवत नाही. बाकीचे हसले, पण प्रत्येकाची पाळी आली तेव्हा प्रत्येक जण तसाच ओरडला. मावशी तर ओरडून वर दोन शिव्या हासडून मोकळी झाली.

पुढचे रविवार कसे गेले कळलं नाही. झाकणाची बारीक भोकं टाचणीनं मोकळी करायची. तोटीत काडी घालून बघायची. रिकाम्या नळकांड्यात पाणी भरून हातपंपानं दाब द्यायचा, काटा ठरल्या खुणेवर आला की पंप थांबवायचा आणि सांध्यांवरून कोरडं फडकं फिरवायचं. फडकं ओलं झालं की ते नळकांडं बाद. कॅनव्हासचा पाईप उलगडून तळव्यानं चाचपायचा, उंदरानं कुठं कुरतडलंय का बघायचं, वापरल्यावर सावलीत वाळवायचा. उस्ताद म्हणायचे, "पहले हात लगाव, फिर कान, फिर नाक. आँख सबसे आखिर में. आँख को रंग धोका देता."

शिकलेलं वहीत उतरवायचं काम माझं. परतीच्या गाडीत मी मावशीला ते वाचून दाखवायचो. माझं स्टेशन येईपर्यंत वेळ थोडा, म्हणून मी भरभर वाचायचो आणि ती डोळे मिटून ऐकायची. पुढच्या रविवारी मी डब्यात चढलो की तीच मला सगळं म्हणून दाखवायची, एक शब्द न चुकवता. मी कुठं अडलो की म्हणायची, "वहीत लिवलंस आन् डोक्यातून काढून टाकलंस, असं झालंय तुझं."

घरी मला चैन पडेना. शेजारच्यांच्या स्टोव्हची पिन काढून बघ, गावच्या विहिरीवरच्या पंपाचा सांधा चाचप, असं सुरू झालं. स्टेशनवरच्या लाल बादल्यांत वाळूऐवजी विड्यांची थोटकं सापडली, तेव्हा मी स्टेशनमास्तरांना पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांची गाडी आली म्हणून ते सुटले.

परीक्षा दसऱ्यानंतर ठरली. विम्याचे साहेब स्वतः मोटारीनं आले. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला न पाहिलेली एक गिरणी दिली. दोन तासांत सगळं तपासून सांगायचं, पास की नापास. मी आणि मावशी एका जोडीत. आमच्या वाट्याला गावाबाहेरची एक जुनी जिनिंग आली.

आत पाऊल टाकलं आणि माझा जरा हिरमोडच झाला. सगळं चकचकीत. बादल्यांना नवा लाल रंग, वाळू चाळलेली. नळकांडी उघडली तर बाटल्या साबूत, तोट्या मोकळ्या. दाब दिला, एकही पाझरलं नाही. पाईप कोरडे, गुंडाळी नीट. तिथला मॅनेजर हातात पानाचा डबा घेऊन आमच्या मागं मागं. "बघा बघा," म्हणायचा. "आमच्यात काय सापडायचं न्हाई तुमाला."

शेवटी राहिली पाण्याची टाकी. विटांच्या उंच खांबांवर लोखंडी टाकी, बाहेरून एक उभी पट्टी आणि तिच्यावर काटा. आत पाण्यावर पत्र्याचा डबा तरंगतो, त्याला बांधलेली दोरी चाकावरून बाहेर येते आणि काट्याला धरून ठेवते. पाणी वर चढलं की काटा खाली उतरतो. काटा अगदी खाली होता. म्हणजे टाकी काठोकाठ.

मी वहीत 'भरलेली' असं लिहायला पेन्सिल टेकवली. मावशी म्हणाली, "थांब."

तिनं खाली वाकून मूठभर खडे गोळा केले आणि एक नेम धरून टाकीच्या बुडाजवळ मारला. थड्. दुसरा त्याच्या थोडा वर. टण्ण! तिसरा आणखी वर. टण्णण्ण!

"ए बाई!" मॅनेजर धावला. "येडी झालीस का? टाकीला दगडं मारायलीस?"

तेवढ्यात विम्याचे साहेब आणि उस्ताद आवारात शिरत होते. साहेब जागच्या जागी थांबले. मावशीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "रांजण घेताना आपण टिचकी मारतो का न्हाई? ही टाकी रिकामी बोलायलीय. चढ वर."

"काटा भरलेली दाखवतोय की," मॅनेजर म्हणाला. "यंत्र खोटं आन् बाई खरी?"

मी उस्तादांकडं पाहिलं. त्यांनी मान वर करून शिडीकडं बघितलं. मी चपला काढल्या आणि चढायला लागलो. शिडीचा नवा रंग हाताला चिकटत होता, खालून गंज टोचत होता. वर गेलो, झाकण सरकवलं आणि आत वाकलो.

गुडघाभर पाणी. हिरवं. त्यावर पत्र्याचा डबा मोकळाच तरंगत होता, आणि त्याला लोंबत होता कुजून तुटलेल्या दोरीचा तुकडा. दोरी तुटली, काटा आपल्या वजनानं खाली घसरला आणि 'भरलेली' दाखवत बसला. रंगाऱ्यानं त्याच्यावर तसाच रंगाचा हात फिरवला होता.

मी वरून जोरात ओरडलो, "मावशी! गुडघाभर! गुडघाभरच हाय!"

खाली मावशीनं दोन्ही हात वर केले. उस्तादांनी टोपी काढून मांडीवर आपटली. "शाबास! शाबास मेरे शेर!" मॅनेजरनं पानाचा डबा मिटला. त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता. त्यानं लबाडी केली नव्हती हे आम्हालाही दिसत होतं. बिचाऱ्यानं रोज सकाळी त्या काट्याकडं बघून समाधान मानलं होतं.

मी खाली आल्यावर साहेबांनी विचारलं, "निकाल काय?"

मी मावशीकडं पाहिलं. "नापास," ती म्हणाली. "टाकी भरा, दोरीच्या जागी साखळी लावा, मंग बोलवा."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग कागद पुढं करून जरा अडखळले. पास झाल्याच्या छापील दाखल्यावर नावाआधी 'श्री.' एवढंच होतं. उस्तादांनी साहेबांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, 'श्री.' पुढं 'मती' लिहिलं आणि पेन परत दिलं. साहेब हसले आणि त्यांनी सही केली. मावशीनं अंगठा उठवला, त्यावर फुंकर घातली आणि कागद पान्याच्या फडक्यात ठेवला.

पंधरा दिवसांनी त्या मॅनेजरचा निरोप आला: साखळी लावली, टाकी भरली, दोघांनीही यावं. खास मावशीला बोलवा, असं दोनदा सांगितलं होतं. आम्ही गेलो. मावशीनं खाली-वर चार खडे मारले, चारही थड् वाजले. मग पाईप जोडला. तोटी मी धरली, माझ्यामागं मावशीनं पाईप काखेत दाबला, आणि मॅनेजरनं स्वतः टाकीच्या नळाचं चाक फिरवलं.

पाईप आधी नुसता फुगला, सापासारखा वळवळला. मग असा झटका बसला की मी कोलमडलोच असतो, पण मावशीनं मागून रेटून धरलं. धार प्रेसच्या पत्र्यावर तडतडत आपटली, मी तोटी वर केली तशी पार छप्पर ओलांडून पलीकडच्या अंगणात उतरली. तिकडं हंगामासाठी नुकत्याच आलेल्या बाया कापूस उतरवायच्या आधी जेवायला बसल्या होत्या. एकच गलका झाला. आधी वाटलं शिव्या देताहेत. बघतो तर भाकऱ्या पदराखाली झाकून, हसत, भिजत, एकमेकींना ओढत त्या धारेखाली यायला लागल्या होत्या.

"बंद करा! बंद करा!" मॅनेजर ओरडत होता, आणि त्याच्याही चष्म्यावरून पाणी गळत होतं.

"राहू द्या वाईच," मावशी माझ्या कानाशी ओरडली. "आनखी वर धर!"

मी आणखी वर धरली.