श्वेंडेले उठून बाकावर बसले

जर्मनीतल्या श्वाबियाच्या डोंगरातल्या त्या गावात निम्म्या घरांची चूल श्वेंडेल्यांच्या गंजीफ्रॉकांवर पेटायची. ट्राउगॉट श्वेंडेले कारखान्याचे मालक, वर नगरपालिकेचे सभासद. माणूस भलता चिक्कू, शिवण वाकडी गेलेला माल स्वतःच्या अंगात घालायचा. पण एका गोष्टीचा त्यांना फार ताठा. सभेत कारखान्याचा विषय निघाला की ते नियमाप्रमाणे टेबलावरून उठत आणि मागे लोकांच्या बाकावर जाऊन बसत. मत देत नसत. "आमच्यात खाबूगिरी नाही," हे ते बायकोलासुद्धा ऐकवत.

त्या वर्षी पाळणाघराचा ठराव आला. कारखान्यात पोटासाठी परदेशातून आलेल्या ग्रीक बायका कामाच्या पाळीला येताना पोरांना खोलीत कोंडून येत. शिलाईवरच्या डेस्पिनाच्या धाकटीने शेगडीवर हात भाजून घेतला, तेव्हा डेस्पिना थेट मालकांपुढे उभी राहिली.

"मालक, माझ्या हातानं कुलूप लावते मी. तुम्ही सभेत बोला."

"बोलतो. माझा हात वर असेल," श्वेंडेले म्हणाले. तेव्हा ते मनापासून बोलले होते.

शुक्रवारी बिअरच्या टेबलावर क्नाउस खाटकाने त्यांना गाठलं. तोही सभासदच. "काय ट्राउगॉट, आता ग्रीकांची पोरंही आम्हीच खेळवायची? पानगळीत निवडणूक आहे बरं!"

सगळे खो खो हसले. श्वेंडेलेही हसले, पण ताटातली मसूर तशीच राहिली.

सभेत ठराव पुकारला आणि श्वेंडेले खुर्ची सरकवून उठले. "बायका माझ्या कारखान्यातल्या. मी मत देणं शोभत नाही."

नगराध्यक्ष गोंधळले. "अरे, पाळणाघर गावाचं आहे, तुझं नाही. इथं तो नियम लागत नाही. बस खाली!"

"नको. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

बाकावर डेस्पिना होती, ठेवणीतला कोट घालून आलेली. मालक आपल्याजवळ बसायला येताहेत हे पाहून तिचा चेहरा फुलला. तिने लगबगीने सरकून जागा करून दिली आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. पुढे हात वर झाले. पाच बाजूने, पाच विरुद्ध. बरोबरी झाली, म्हणजे ठराव पडला.

"मालक, तुमचा हात?"

"इथं बसलेल्याला हात वर करता येत नाही, डेस्पिना."

"मग इथं कशाला आलात?"

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. श्वेंडेल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर पाळीला आली, म्हणजे कुलूप लावूनच आली. त्यांनी तिच्या मशीनकडे बघायचं टाळलं, आणि पुढेही टाळतच राहिले.

पानगळीत ते गावात सगळ्यांत जास्त मतांनी निवडून आले. बँडवाले दारात वाजवू लागले. क्नाउस खालून ओरडला, "बाहेर ये रे, आमच्या प्रामाणिक माणसा!"

"मला ताप आहे म्हणून सांग," श्वेंडेले बायकोला म्हणाले, आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.