शिंक कुठे गेली होती?

परवा सकाळी चिखलीतल्या आमच्या घरात, ओट्यापाशी उभी असताना मला शिंक आली... आणि आनंदाने मी घर डोक्यावर घेतलं. शिंकेचं काय एवढं कौतुक, ते सांगते.

दोन महिन्यांपूर्वी चाकणहून शिफ्ट संपवून येताना गाडी खडीवर घसरली आणि माझ्या तीन बरगड्या मोडल्या. बरगड्यांना प्लास्टर घालत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. उशी छातीशी धरायची, दीर्घ श्वास घ्यायचे आणि वाट बघायची... बास.

कंपनीतला, आमच्या लाइनवरचा एक जण फोनवर म्हणाला, "प्लास्टर नाही म्हणजे आराम चाललाय राव, मॅडम!" मला हसू आलं, आणि हसले म्हणून कळवळले.

मग मला नादच लागला... बरगडी कुठे कुठे कामाला येते ते बघायचा. फ्रिजचं दार उघडताना, चादर झटकताना, अगदी जांभई देतानाही! पण खरी धास्ती शिंकेची. पहिल्या आठवड्यात एकदा आली, तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी भिंतीला धरून मोठ्याने रडले.

त्यानंतर मात्र शिंक आलीच नाही. याचं मला फार नवल वाटायचं. आमच्या खालीच रेश्माभाभींचं स्वयंपाकघर... त्यांच्या सुक्या मिरचीच्या फोडणीने पूर्वी मला हमखास शिंका यायच्या. शरीरच शहाणं झालंय, असं मी नवऱ्याला अगदी पटवून दिलं होतं.

हाड मात्र जुळायचं नाव घेत नव्हतं. गेल्या एक्स-रेनंतर डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ लागेल." आपण पुन्हा धड होणार की नाही, या विचाराने मी मनातून खचले होते.

आणि परवा खालून मिरचीच्या फोडणीचा तो ठसका आला. उशी आतल्या खोलीत... मी ओटा घट्ट धरला, डोळे मिटले आणि शिंकले.

दुखलं. पण काजवे नाही चमकले! मी मुद्दाम खोल श्वास घेऊन पाहिला... छाती भरली.

तेवढ्यात खालून भाभींची हाक. "ताई, लई दुखलं का ओ? आज खिडकी लावायची राहिली माझी!"

मी खिडकीशी जाऊन विचारलं, "म्हणजे रोज लावत होता?"

"मग? त्या दिवशी तुमची शिंक खाली ऐकू आली होती... अन् रडणं पण."

जवळजवळ दोन महिने भाभी बंद खिडकीआड एकट्या खोकत फोडणी देत होत्या, आणि मी वर बसून माझ्या शरीराचं कौतुक करत होते.

भाभी, तुम्ही ही पोस्ट वाचालच. उद्यापासून खिडकी उघडी ठेवा... मला शिंकायचंय.