बाहेर आली तर घेऊ

आनंदातात्यांना कुठलंही सॉफ्टवेअर विकायचं असलं, की आधी स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यावा लागायचा. हे मला पहिल्याच भेटीत कळलं. मंगळवार पेठेतल्या एका बोळात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सुशीलाकाकींनी शिवलेल्या वाकळा टांगलेल्या होत्या. नव्वदीच्या अखेरीला तात्या टेपवरून कॉम्प्युटरवर आले, तो कॉम्प्युटर माझ्याच दुकानातला. त्याला जोडायची लहान सॉफ्टवेअर, ज्यांना प्लगइन म्हणतात, तीही आपणच विकावीत या आशेने मी गेलो होतो. सीडी घातली, आवाजाला घुमारा देणारं एक प्लगइन चढवलं आणि त्याचे गुण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला.

"पावणं, काय बोलू नगा," ते हळूच म्हणाले. "आत ही भाकरी थापतीया. तिला काय सांगितलेलं न्हाय. बाहेर आली तर घेऊ."

मला वाटलं, गिऱ्हाईक जरा तऱ्हेवाईक दिसतंय. मी गाणं लावलं. आतून भाकरीच्या थापा ऐकू येत होत्या. एक कडवं तसंच साधं गेलं, दुसऱ्या कडव्याला मी घुमारा चढवला आणि थापा थांबल्या. पडदा बाजूला सारून पिठाच्या हातांनी काकी दारात उभ्या राहिल्या. "ह्या बाईला हिरीत का उतरवलंय?" त्यांनी विचारलं. विहिरीतून गाणारी ती बाई तात्यांनी बटण फिरवत थोडी थोडी वर काढली. काकी चौकटीला टेकल्या आणि अंतरा संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. तात्यांनी त्याच दिवशी ते प्लगइन घेतलं.

हीच त्यांची पारख होती. काकी बाहेर आल्याच नाहीत तर फरक पडलेला नाही, घ्यायचं नाही. येऊन नाक मुरडलं तरी घ्यायचं नाही. दारात टेकून उभ्या राहिल्या तर घ्यायचं. दोघं तरुणपणी बुद्धविहारातल्या एकाच गायन पार्टीत होते. तात्या पेटीवर, काकी कोरसमध्ये. लग्नानंतर काकींचं गाणं चुलीपाशीच राहिलं, पण कान तयार होता. कुणाची ढोलकी अर्ध्या सुराने उतरलेली आहे हे त्या आमटीला फोडणी देता देता आतून सांगायच्या.

एकदा मी न राहवून विचारलं, की तात्या, हयात गेली तुमची या धंद्यात, तुम्हाला स्वतःला ऐकू येत नाही का? त्यांनी मान हलवली. "मला काय ऐकू येणार? तुम्ही किंमत सांगितली की माझ्या डोसक्यात किंमतच वाजाय लागती. स्वस्त असलं तर झ्याक वाटतंय, महाग असलं तर लईच झ्याक वाटतंय. तिला किंमत ठावं न्हाय, काय बदललंय ते बी ठावं न्हाय. तिचा कान मोकळा हाय." आज इतकी वर्षं मी या धंद्यात घासतोय. सणाची सवलत, वर्षअखेरची सवलत, जुन्या गिऱ्हाइकाला खास, आजच घ्या, उद्या हा भाव नाही. खरं सांगायचं तर मी वस्तू विकायची केव्हाच सोडली, नुसत्या सवलती विकतो. घेणाऱ्यालाही कधीकधी कळत नाही, की आपण घेतलं काय. अशा वेळी तात्यांचं ते बोलणं आठवतं आणि दुकानाचं शटर ओढून घरी जावंसं वाटतं.

सवलतींशी तात्यांचं कधी जमलं नाही. मी एकदा आठ प्लगइनचा संच नेला होता. एकेक घेण्यापेक्षा संच फार स्वस्त पडत होता. पडदा ओढून आठही वाजवून झाली. काकी आठांपैकी एकालाच बाहेर आल्या. तात्या म्हणाले, ते एक द्या. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला, की त्या एकाच्या किमतीत थोडीशी भर घातली की उरलेली सात जवळजवळ फुकट येतात. त्यावर ते म्हणाले, "ती सात घरात आणून त्यास्नी सांभाळणार कोण? गाण्याला बसलो की एकेकाला इचारत बसायचं, तू लागतोस का, तू लागतोस का. गाणं ऱ्हाऊन जायचं." पुढे बाजारात चोरीच्या सीड्या आल्या, एकेका सीडीवर शेकड्यांनी प्लगइन, आणि किंमत चहाएवढी. तशी एक कुणीतरी त्यांना आणून दिली होती. तीही त्यांनी परत केली. नीतीचा प्रश्न होताच; पण तात्या एवढंच म्हणाले, की एवढं सगळं ऐकायला दुसरा जन्म लागेल.

मग पडद्यामागून काकी बाहेर यायच्या थांबल्या.

सुरुवातीला मी मालालाच दोष दिला. एक प्लगइन नेलं, फरक पडला नाही. दुसरं नेलं, तेच. पण त्यानंतर टेपची खरखर काढणारं नेलं, तेव्हा मात्र मला चीड आली. त्या काळात गावोगावच्या गायन पार्ट्या आणि भजनी मंडळं आपल्या जुन्या कॅसेटी सीडीवर करून घ्यायला धावत होती. चांगलं काम होतं ते, आणि त्याला खरखर काढणं आलंच. मी एक जुनी कॅसेट लावली आणि मध्येच प्लगइन चालू केलं. डोक्यावरचा पंखा कुणी बंद करावा तशी खरखर गेली. बाई समोर बसून गातेय असं वाटावं. आत भाकरी थापणं चालूच राहिलं. तात्या म्हणाले, "न्हाय पावणं. काय फरक पडला न्हाय." मी जवळजवळ भांडलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मला वाटेला लावलं.

दोन वर्षं हे चाललं. पलीकडच्या गल्लीत एका पोराने नवा स्टुडिओ थाटला, त्याच्याकडे सगळं होतं. कॅसेटींचं काम त्याच्याकडे गेलं. मग देवाच्या गाण्यांचं गेलं, उसाच्या वाणाच्या जाहिराती गेल्या. तात्यांकडे एप्रिलातली जयंतीची गाणी तेवढी राहिली, तीही जुन्या माणसांच्या भिडेखातर. मी वैतागून गेलो होतो. वाटायचं, हा माणूस बायकोच्या नादाने चालता धंदा बुडवतोय.

एका दुपारी गेलो तर दार उघडं होतं आणि तात्या बाहेर गेलेले. काकी आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हाक मारली. पुन्हा मारली, चांगली मोठ्याने. बोळातलं एक कुत्रं उठून बसलं, काकी हलल्या नाहीत. मी पुढे झालो आणि माझी सावली सुपावर पडली तशा त्या दचकल्या. "कवा आलास रं सुनील? हाक तर मारायची," त्या म्हणाल्या आणि माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.

मला सगळा उलगडा झाला. बोळाच्या तोंडाशी चहाचा गाडा होता, तिथं मी तात्यांची वाट बघत थांबलो. ते आले तसं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की काकींना ऐकू येत नाही, बहुतेक बऱ्याच दिवसांपासून येत नसावं. बारीक आवाज तर मुळीच नाही. तुम्ही उगीच माझ्या मालाला नावं ठेवत होता.

तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घालून प्यायले, बशी पुसून ठेवली. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "दोन वरसं झाली."

मग हा पडद्याचा खेळ कशासाठी चालवलाय, असं मी विचारलं. कामं चालली आहेत, उद्या खाणार काय?

"डॉक्टरकडं नेलती. कानाचं यंत्र बी आणलं, पर त्यात तिला सगळं पत्र्यावर खडं पडल्यागत ऐकू येतंय. रुमालात गुंडाळून ठेवलंय. माझ्याम्होरं म्हणती कानात मळ हाय, निघंल." त्यांनी गाडेवाल्याला चहाचे पैसे दिले. "आता मी पडदा ओढायचं बंद केलं तर तिला कळंल, मला कळलंय ते. मग ती परत त्या दारात कशाला उभी ऱ्हाईल? जन्मभर तिच्या कानावर धंदा केला, पावणं. आता तिला म्हणू, तू भाकरीच थाप?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडायचं सोडलं. विकायचंही जवळजवळ सोडलं. पण जात राहिलो. मी येणं बंद केलं तर पडदा कुणासाठी ओढणार, असंही वाटायचं. तात्या म्हणायचे, आलाय तर लावा काहीतरी. मी लावायचो, आतल्या थापा चालू राहायच्या, तात्या म्हणायचे, काय फरक पडला न्हाय. आम्ही दोघं दमून गेलो होतो त्या खेळाने.

असंच एकदा मी कसल्याशा संचाबरोबर फुकट आलेलं एक प्लगइन लावलं. बेस वाढवायचं, ढोलकीच्या डाव्या पुडीचा ठेका उचलून त्याच्याखाली आणखी एक जाड आवाज घालणारं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. तात्यांचे मोठे लाकडी स्पीकर जमिनीवरच ठेवलेले असत. गाणं सुरू झालं, ठेका आला आणि आत फळीवरची भांडी किणकिणली. पायाखालची फरशी थरथरत होती. थापा थांबल्या.

पडदा सरकला. काकी नुसत्या दारात उभ्या राहिल्या नाहीत, पुढे आल्या. पिठाचा हात त्यांनी स्पीकरच्या लाकडावर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. "ढोलकीला कोण बसलंय?" त्यांनी विचारलं. "लई दिसांनी कुणीतरी मन लावून वाजीवलंय." तात्या त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, "नवा पोरगा हाय. ठेवून घेऊ का?" काकींनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या.

मी खरं ते सांगितलं, की हे घेऊ नका, घरच्या टेपवर नुसतं भणभणेल, गायकाचा आवाज दबेल. तात्या माझ्याकडे बघतच नव्हते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला किंमत विचारली नाही. फुकट आहे म्हटल्यावर त्यांना राग आला. किंमत लावा, म्हणाले. फुकटातलं तिला दिलं असं नको. मी काहीतरी आकडा सांगितला, तो त्यांनी मोजून हातावर ठेवला.

त्यानंतरच्या प्रत्येक गाण्यावर तात्यांनी ते लावलं. गाणारे म्हणायचे, तात्या, आमचा आवाज कुठाय? तात्या म्हणायचे, हाय की, खाली हाय. एप्रिलातली मंडळीही मग पलीकडच्या गल्लीत गेली. एका पावसाळ्यात त्यांनी दारावरची पाटी काढली. उपनगरात राहणाऱ्या मुलाने पैसे पाठवायला सुरुवात केली होती, त्यावर दोघांचं भागत होतं. त्यांच्या तोंडून ऐकलेलं एकही रडगाणं मला आठवत नाही; मीच घरी येऊन बायकोपाशी तात्यांच्या नावाने कुरकुरायचो.

वर्षभराने उचगावातल्या एका गिऱ्हाइकाकडून परतताना, भर दुपारी त्यांच्याकडे वाट वाकडी केली. बोळातच ठेका ऐकू आला. आत दोघं जमिनीवर बसले होते. काकींनी भिंतीला पाठ टेकली होती, एक हात स्पीकरवर होता, डोळे मिटलेले. ओठ पुटपुटत होते, म्हणजे गाणं कुठलं ते त्यांना कळत होतं. तात्या शेजारी मांडी घालून बसले होते. मी चपला काढल्या आणि ऐकत राहिलो. गाणं असं नव्हतंच. पेटी नाही, टाळ नाही, गाणाऱ्याचा आवाज नाही. नुसते डाव्या पुडीचे जाड ठोके, एकामागून एक.

मला वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. मी पुढे होऊन वरचे आवाज चढवायला गेलो, तर तात्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मीच बंद केल्यात. तिला येतंय तेवढंच मी बी ऐकतो."